धाकलू घारे मास्तरांची टिपणं

धाकलू घारे हा कुंभिवलीचा. बाप चांगो घारे भाताची शेती करायचा आणि मुलानं मास्तर व्हावं अशी त्याची फार इच्छा होती. कारण अगदी साधं होतं. गावात कोणाच्याही घरी लग्न असलं तरी मास्तरांना पाट मिळायचा आणि चांगोला मात्र ओट्याच्या कडेला बसावं लागायचं. मास्तर व्हायचं तर मराठी सातवीची फायनल परीक्षा पास व्हावी लागे. गावच्या शाळेत चौथीच्या पुढं वर्ग नव्हते, म्हणून एकोणीसशे सव्वीस साली, एकोणिसाव्या वर्षी, धाकलूला कर्जतला आत्याकडं धाडलं. आत्याचं नाव गौराबाई. ती कर्जतच्या बाजारात भाजी विकायची.

कर्जतला तेव्हा फायनलचा एक खाजगी वर्ग चाले. तेलाच्या घाण्याच्या माडीवर आम्ही अकरा जण बसायचो. मीही त्यातलाच, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो आहे. शिकवायला कर्णिक मास्तर. एका जुन्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर, डोक्याला पागोटं, नाकात तपकीर. कर्णिक मास्तर शिकवत नसत, व्याख्यान देत. डोळे मिटायचे, पाऊण तास बोलायचे आणि डोळे उघडले की समजायचं, आजचा धडा संपला. समोर कोणी बसलं आहे की नाही याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. एकदा आम्ही पाच जण मधेच उठून नदीवर पोहून आलो, तरी त्यांना पत्ता नाही.

धाकलू मात्र कधी उठला नाही. तो पहिल्या रांगेत बसायचा आणि लिहायचा. कोऱ्या कागदाच्या वह्या त्यानं स्वतः शिवल्या होत्या, दोन टाक, दोन दौती. एक टाक मोडला तर व्याख्यानातला शब्द सांडू नये म्हणून दुसरा. मास्तरांच्या तोंडून जे निघेल ते तो कागदावर उतरवी. जे निघेल ते म्हणजे खरोखरच जे निघेल ते. मी त्याची आरोग्यशास्त्राची वही स्वतः पाहिली आहे. त्यात लिहिलं होतं: ‘शुद्ध हवा ही प्राणिमात्रास अत्यंत आवश्यक होय. हवेत मुख्यतः दोन वायू असतात. ती शेळी कोणाची, हाकला तिला. पैकी पहिला वायू. माझा नागपूरचा मुलगा पत्र पाठवीत नाही. पैकी पहिला वायू.’

“अरे, शेळी कशाला लिहिलीस?” मी विचारलं.

“मास्तर बोलले ना,” धाकलू म्हणाला. “त्यातलं कामाचं कुटलं नि बिनकामाचं कुटलं, हे ठरवणारा मी कोण?”

विनय म्हणून हे वाक्य चांगलं आहे. परीक्षेच्या तयारीला ते अगदी टाकाऊ होतं.

गौराबाईला भाच्याचा अभिमान होता. तिला अक्षरओळख नव्हती, पण वजनमाप पक्कं होतं. दर महिन्याला ती धाकलूच्या भरलेल्या वह्या भाजीच्या तराजूत घालायची आणि शेजारच्या बायकांना सांगायची, “सव्वादोन शेर झालं बगा. त्या बामणाच्या पोराचं अर्धा शेर पन नाय.” त्या वर्षी कर्जतच्या बाजारात धाकलूइतका विद्वान दुसरा कोणी नाही, असं भाजीवाल्यांचं एकमत झालं होतं.

एप्रिलात आम्ही पेणमार्गे अलिबागेस परीक्षेला गेलो. इतिहासाच्या पेपरात प्रश्न आला, मराठ्यांचं राज्य का लयाला गेलं, कारणं सांगा. धाकलूला सगळं पाठ होतं, फक्त मधून सुरू करता येत नव्हतं. त्याला व्याख्यान पहिल्या शब्दापासूनच म्हणावं लागे, आरतीसारखं. त्यानं सुरुवात केली ती शहाजीपासून. घंटा झाली तेव्हा तो पुरंदरच्या तहापर्यंत आला होता. शिवाय मधे एका ठिकाणी त्यानं लिहिलं होतं, ‘हे मी तुम्हाला मागच्या मंगळवारी सांगितलेच आहे.’ तपासणाऱ्या गृहस्थांनी ते वाचून काय केलं असेल ते असो. धाकलू नापास झाला. मीही नापास झालो, पण मी काहीच लिहिलं नव्हतं, त्यामुळं माझं दुःख कमी होतं.

आता जिजाबद्दल सांगायला हवं. जिजा ही त्या घाणेवाल्याची मुलगी, लग्नाआधी चौथीपर्यंत शिकलेली. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली होती, आणि आम्ही तिला पाहिलं तेव्हा चोविशीची असेल. माडीच्या जिन्याखाली बसून ती तांदूळ निवडायची. वर कर्णिक मास्तर मोठ्यानं बोलायचे, खाली सगळं ऐकू यायचं. तिला कोणी ‘ऐक’ म्हटलं नव्हतं आणि ‘ऐकू नकोस’ म्हणायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, इतकी ती हिशेबात नव्हती.

नापास झाल्यावर पावसाळ्यात वर्ग पुन्हा सुरू झाला. एकदा धाकलू पाणी प्यायला खाली उतरला तेव्हा जिजाच्या शेजारी जुन्या पंचांगाची पानं त्याला दिसली. त्यांच्या समासात शिसपेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं. एका पानावर मोजून पाच ओळी.

“ह्ये काय लिवलंय ताई?”

“आजचं व्याख्यान,” जिजा म्हणाली.

धाकलूनं त्या दिवशी सतरा पानं लिहिली होती. त्याला हसू आलं. “बाकीचं कुटं गेलं?”

“कुठलं बाकीचं? मास्तर पाऊण तास बोलले. त्यात नागपूरच्या मुलाचं पाव तास. तपकीर ओढून शिंका, ते वेगळंच. एकेक गोष्ट तीनतीनदा. मग उरलं काय?”

“काय?”

“उरलं ते इथं आहे.”

धाकलूनं पान हातात घेतलं. वर मथळा होता, ‘पाऊस कोठून येतो?’ आणि खाली पाच ओळींत उत्तर, सगळं तिच्या स्वतःच्या बोलीत. पुस्तकातलं एकही वाक्य नव्हतं.

“पन मास्तर तर ‘पर्जन्याची मीमांसा’ म्हनले.”

“मीमांसा म्हणजे काय रे?”

सतरा पानांत धाकलूनं तो शब्द नऊ वेळा लिहिला होता.

“हे बघ,” जिजा सूप बाजूला ठेवून म्हणाली. “धडा आदल्या दिवशी वाचून यायचा. सगळा नाही वाचलास तरी मथळे बघ. मथळ्यावरून आपल्याच मनाला प्रश्न घाल. मग मास्तर त्या प्रश्नाचं उत्तर देतात का, तेवढंच ऐकायचं आणि तेवढंच टिपायचं. घरी गेल्यावर पुस्तक मिटायचं आणि धडा आपल्या तोंडानं सांगून बघायचा. जिथं अडखळशील तिथं पुन्हा पुस्तक उघडायचं. झालं.”

“तुमाला कुनी शिकवलं ह्ये?”

“माझ्याकडं कागद नाही रे. म्हणून आलं.”

धाकलू प्रामाणिक होता. त्यानं ते मनावर घेतलं, आणि कोणतीही गोष्ट मनावर घेतली की तो तिचा जीव घेईपर्यंत सोडायचा नाही. पहिल्या महिन्यात त्यानं सतरा पानांची पाच पानं केली. दुसऱ्या महिन्यात पाचाची एक. इथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याला चटक लागली. सारांशाचा सारांश, त्याचा पुन्हा सारांश. धडा ओळीत बसवला, ओळ अक्षरांत. दिवाळीनंतर त्याचा सगळा इतिहास एका पोस्टकार्डावर मावत होता आणि तो ते कार्ड टोपीत घालून हिंडायचा. जिजानं एकदा विचारलं, “अरे, हे तुला परत उलगडता येतं का?” तो म्हणाला, “येनार नाय तर काय? माजंच अक्षर हाय.” गौराबाई मात्र फार खट्टू झाली. तराजूत घालायला काही उरलंच नव्हतं.

त्याच हिवाळ्यात जिजानं कर्णिक मास्तरांना विचारलं की फायनलला मी बसले तर चालेल का. मास्तरांनी पहिल्यांदाच व्याख्यानाबाहेर डोळे मिटले. म्हणाले, “बाई, तू माझ्या वर्गातली नाहीस. जिन्याखालच्या श्रवणाला मी विद्या म्हणत नाही.” जिजानं बापाला गाठलं. बाप आधी नाहीच म्हणाला. मग ती म्हणाली, “मास्तरीण झाले तर खालापूरला मुलींच्या शाळेत जाईन, भावजयीच्या डोळ्यांसमोर राहणार नाही.” घरात सून आणि मुलगी यांची रोज जुंपत होती. बापानं त्याच दिवशी अर्जावर सही केली. विद्येच्या प्रेमानं जे झालं नसतं ते कटकटीच्या कंटाळ्यानं झालं.

परीक्षा झाली. या वेळी इतिहासाच्या पेपरात पुन्हा तोच प्रश्न आला, मराठी राज्य का बुडालं. धाकलूनं मनातल्या मनात पोस्टकार्ड उघडलं. तिथं होतं, ‘भा. फू. इं.’ भाऊबंदकी, फूट आणि इंग्रज. पण पेपरासमोर बसल्यावर त्याला फक्त अक्षरं आठवली. अर्धा तास त्यानं ‘भा’कडं पाहत घालवला. शेवटी जे सुचलं ते लिहून टाकलं: भाताचा तुटवडा, फूस लावणारे लोक आणि इंधनाची टंचाई. आणि मन लावून लिहिलं बरं का! इंधनावर तर दोन पानं, कारण मोळ्या वाहणारी माणसं त्यानं लहानपणापासून पाहिली होती. मला वाटतं, त्या उत्तराला थोडे गुण द्यायला हवे होते.

धाकलू पुन्हा नापास. मी कसाबसा पास झालो आणि खालापूरच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. जिजा जिल्ह्यात दुसरी आली.

निकाल आला त्याच आठवड्यात घाण्याच्या माडीवर पाटी लागली: ‘येथील विद्यार्थिनी कु. जिजा जिल्ह्यात दुसरी.’ कुमारी लिहिण्याइतकं कर्णिक मास्तरांना तिच्याविषयी ठाऊक होतं. जिजानं ती पाटी पाहिली आणि बापाला म्हणाली, “जिन्याखाली लावा म्हणावं.” बापानं ते मास्तरांना सांगितलं नाही.

तिला खालापूरच्या मुलींच्या शाळेत नेमलं. धाकलू कुंभिवलीला परत गेला. कुंभिवली खालापूरला लागूनच, तेव्हा दर रविवारी तो तिच्या ओसरीवर येऊन बसायचा. गावानं बोलू नये म्हणून जिजानं गौराबाईला बोलावून घेतलं. गौराबाई बाजार जावेवर सोपवून, पानाची चंची घेऊन आली आणि मधे बसली. जिजाला त्यातून एक युक्ती सुचली. धाकलूनं धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि तो आत्याला समजावून सांगायचा. आत्या ‘हां’ म्हणाली तर धडा झाला.

गौराबाई सहजासहजी ‘हां’ म्हणणारी नव्हती.

“पृथ्वी गोल हाय, आत्या.”

“बरं.”

“नि ती सूर्याभवती फिरते.”

“मंग मला गरगरल्यावानी का होत नाय रं?”

धाकलू पुस्तक उघडायला जायचा. जिजा त्याच्या हातावर पट्टी मारायची. “आधी तू सांग. मग बघ.”

असं सबंध वर्ष चाललं. धाकलू घाम पुसत सांगायचा, आत्या आडवं विचारायची, जिजा मुलींच्या पाट्या तपासत ऐकायची. गौराबाईला ग्रहण का लागतं ते कळलं, पटलं मात्र नाही. पण एकोणीसशे एकोणतीस साली धाकलू फायनल पास झाला आणि चांगले गुण घेऊन झाला. चांगो घाऱ्यानं गावाला जेवण दिलं. मास्तर झालेल्या मुलाशेजारी स्वतःही पाटावर बसला.

खालापूरजवळच्याच एका गावी, पाताळगंगेच्या काठी, धाकलूला शाळा मिळाली. आता गोष्ट इथं संपली असती तर मी ती सांगितलीच नसती. चांगले मास्तर काही कमी नसतात.

झालं असं की परीक्षेला बसणारी आसपासची पोरं धाकलूकडं येऊ लागली. “मास्तर, तुमची टिपणं द्या.” आपली टिपणं कोणी मागतं याचं माणसाला काय सुख होतं ते ज्याची मागितली जातात त्यालाच ठाऊक. आधी त्यानं उतरवून घ्यायला दिली. मग लिहिण्याचा त्रास कशाला, म्हणून कल्याणच्या एका छापखान्यातून छापून आणली. निळं वेष्टन, वर नाव: ‘घारे यांची सुलभ रूपरेषा. प्रत्येक धडा अर्ध्या पानात.’ बारा धड्यांची सहा पानं. पुस्तक आत्याच्या हातात दिलं तेव्हा तिनं ते तळहातावर तोललं आणि विचारलं, “बाकीचं कवा येनार?”

पहिल्या पानावर आभार होते. गुरुवर्य कर्णिक मास्तरांचे, तीर्थरूपांचे, गौराआत्याचे, छापखान्याच्या मालकांचे, इतकंच काय, वेष्टनाचा निळा कागद मिळवून देणाऱ्या दुकानदाराचेही. जिजाचं नाव नव्हतं.

जिजाकडं एक प्रत घेऊन तो गेला. तेव्हा मी कचेरीतून परतताना तिथंच टेकलो होतो. तिनं पुस्तक चाळलं आणि म्हणाली, “छान आहे. पण मास्तर, हे तुम्हाला ज्यामुळं आलं ते यात कुठं आहे?”

“सगळं हाय की. एकूनएक मुद्दा.”

“मुद्दे आहेत हो. पण मुद्दे काढताना तुम्ही जो घाम गाळलात तो पोरांनी कुठं गाळायचा?”

“पोरांचा घाम वाचावा म्हनून तर छापलं,” धाकलू म्हणाला, आणि त्याला ते उत्तर इतकं आवडलं की दुसऱ्या आवृत्तीत त्यानं ते प्रस्तावनेत घातलं.

जिजानं आपल्या शाळेत ते पुस्तक येऊ दिलं नाही. इतर सगळीकडं ते गेलं. पोरांनी मूळ पुस्तकं घेणं बंद केलं. एकशेवीस पानं वाचण्यापेक्षा सहा पानं पाठ करणं कोणाला नको असतं? शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनाही ते सोईचं झालं. पोरं उत्तरं झटपट आणि एकसारखी द्यायची. साहेबांचं जेवण वेळेवर व्हायचं. तीन वर्षांत धाकलू घारे मास्तर हे नाव खालापूरपासून भिवपुरीपर्यंत झालं.

मग एकोणीसशे पस्तीसच्या परीक्षेत प्रश्न आला, ‘आपल्या गावाचे वर्णन करा.’ रूपरेषेत या विषयाचा नमुना होता. धाकलूनं तो कोणत्याही गावच्या मुलाला उपयोगी पडावा म्हणून जपून लिहिला होता. त्याच्या शाळेच्या नऊ मुलांनी तो जसाच्या तसा लिहिला: ‘आमचे अमुक गाव तमुक नदीच्या काठी वसले आहे. गावाच्या पूर्वेस अमका डोंगर असून लोकांचा मुख्य धंदा फलाणा आहे.’

नऊच्या नऊ. अमुक, तमुक, अमका, फलाणा.

परीक्षकांना वाटलं, पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलं. चौकशीला एक नवे साहेब आले. तरुण होते आणि, दुर्दैवानं, हुशार होते. कचेरीतून कागद धरायला मला त्यांच्याबरोबर पाठवलं होतं. साहेबांनी नागू नावाच्या मुलाला उभं केलं.

“तुझ्या गावाचं नाव काय?”

नागूनं सांगितलं.

“नदी कुठली?”

“पाताळगंगा.” नागूनं खिडकीतून हात करून दाखवली. तिथून दिसतच होती.

“मग तमुक नदी का लिहिलीस?”

“पुस्तकात तमुकच हाय, सायेब. पाताळगंगा नाय.”

साहेब धाकलूकडं वळले. “मास्तर, पुस्तक तुमचं. आता पुस्तकाशिवाय तुम्ही सांगा, हे गाव कसं आहे?”

मला वाटलं, आता याचं पुन्हा ‘भा. फू. इं.’ होणार. पण धाकलू उभा राहिला आणि बोलायला लागला. नदी श्रावणात कोणत्या बाजूनं गाव चावते आणि कोणत्या बाजूला गाळ टाकते. वरच्या वाडीतले ठाकर शिमग्यानंतर कामाला खाली का उतरतात. गावची विहीर एक असून पाणवठे दोन का, आणि दुसऱ्या पाणवठ्याबद्दल कोणीच का बोलत नाही. आंबेमोहर कोणाच्या शेतात होतो आणि तो खातं कोण. अर्धा तास तो बोलत होता. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. ती त्याच गावची, पण हे सगळं त्यांना कोणी असं मांडून दाखवलं नव्हतं. साहेबांनी लिहायला काढलेला टाक तसाच हातात राहिला.

“मास्तर,” साहेब हळूच म्हणाले, “हे मुलांना का सांगितलं नाहीत?”

धाकलूनं खरंखुरं उत्तर दिलं. “वेळ कुठं होता साहेब? रूपरेषा पाठ करून घ्यायची होती.”

साहेबांनी पोरांवरचा आळ काढला. धाकलूला लेखी समज मिळाली आणि रूपरेषा शाळेत वापरायला बंदी झाली. दोन महिन्यांत पेणकडच्या कोणीतरी तीच सहा पानं लाल वेष्टनात छापून विकायला काढली, अमुकतमुकासकट. धाकलू चोरी झाली म्हणून महिनाभर चिडला होता. कागद हातातून गेल्यावर त्याला वर्गात बोलावंच लागलं, आणि लोक सांगतात, तो फार चांगलं शिकवी. त्याला स्वतःला ते कधी पटलं नाही. छापील काही नसलं की आपण फसवणूक करतो आहोत असं त्याला वाटायचं.

एकोणीसशे सदतीस साली जिजाची पनवेलला बदली झाली. नऊ वर्षं खालापुरात काढली, तिच्या हातून चाळीसएक मुली फायनलला बसल्या असतील, पण बढती काही झाली नाही. शाळेत निरोपसमारंभ झाला. बोलायला घारे मास्तरांना उभं केलं. त्यांनी विद्येचं महत्त्व सांगितलं, स्त्रीशिक्षणाचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, “आम्हा दोघांनाही घडवलं ते गुरुवर्य कर्णिक मास्तरांनी.” टाळ्या पडल्या. जिजा हार सावरत हसत होती.

समारंभानंतर ती पेटी घेऊन सर्व्हिस मोटारीची वाट पाहत रस्त्यावर उभी होती. मी बिछाना धरून उभा होतो. धाकलू लगबगीनं आला.

“ताई, तुमचं नाव घ्यायचं होतं. अगदी तोंडावर आलं होतं. पण एवढ्या मंडळीत, एका बाईकडून शिकलो म्हणायचं… लोक काय म्हणाले असते?”

“म्हणाले असते, बाई हुशार होती,” जिजा म्हणाली. “तेवढं मी सोसलं असतं.”

मोटार आली. मी बिछाना वर टाकला, ती बसली आणि गेली. धाकलू धुरळा खाली बसेपर्यंत तिथंच उभा होता. मग मला म्हणाला, “चल, चहा घेऊ,” आणि चहाचे पैसे मलाच द्यायला लावले.